शाळेच्या उंबरठ्यावरचा उन्हाळा

गुढीपाडव्याच्या मागेपुढे बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील गावांत कुलूपबंद घरे पुन्हा उघडू लागतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम संपत आलेला असतो आणि दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीसाठी गेलेली कुटुंबे भांडीकुंडी, अंथरुणे आणि मुलेबाळे घेऊन परततात. पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरातील कोपीत काढलेल्या या मुलांमध्ये पाच-साडेपाच वर्षांची मुलेही असतात. येत्या जूनमध्ये त्यांना पहिलीच्या वर्गात बसावयाचे असते. गावातील त्यांच्या बरोबरीची मुले हिवाळाभर अंगणवाडीत गाणी म्हणत, मणी ओवत आणि रांगेत हात धूत असताना ही मुले उसाच्या फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत होती. शाळा उघडेपर्यंत त्यांच्या हाती साधारणपणे दोन ते अडीच महिने असतात आणि ते नेमके उन्हाळ्याचे असतात.

शाळापूर्व शिक्षणाचा विचार करताना उन्हाळा हा सुट्टीचा, म्हणजे रिकामा काळ असे गृहीत धरण्याची आपली सवय आहे. शहरांतून हल्ली उन्हाळी शिबिरांचे पेव फुटले आहे. तेथे शुल्क भरून मुलांना चित्रकला, नृत्य, मातीकाम शिकविले जाते. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु ज्या कुटुंबाला वर्षातून एकदाच, तेही उन्हाळ्यातच, आपल्या घरात स्वस्थपणे राहावयास मिळते, त्याच्या दृष्टीने हा काळ सुट्टीचा नसून मुलाच्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा हंगाम आहे. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेसारखी व्यवस्था आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र आईपासून दूर वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबरच फडावर जाणार आणि तिच्याबरोबरच परतणार.

तयारी म्हणजे काय?

मूल पहिलीसाठी तयार आहे काय, असे विचारताच बहुतेक पालक ‘त्याला अजून अआई येत नाही’ किंवा ‘शंभरपर्यंत अंक येतात’ अशी उत्तरे देतात. दोन्ही उत्तरे मूळ प्रश्नाला बगल देणारी आहेत. शंभरपर्यंत घडाघडा अंक म्हणणाऱ्या मुलापुढे सात चिंचोके ठेवून ‘किती आहेत?’ असे विचारावे. पुष्कळदा त्याचे बोट एकीकडे धावते आणि जीभ दुसरीकडे. एका वस्तूस एकच अंक आणि शेवटी उच्चारलेला अंक म्हणजेच एकंदर वस्तूंची संख्या, ही समज पाठांतराने येत नाही, वस्तू हाताळून येते. याउलट, ज्याला वीसच्या पुढचे अंक ठाऊक नाहीत, पण जेवायला बसलेल्या सहा माणसांसाठी नेमकी सहा ताटे जो आणून मांडतो, त्याची गणिताची सुरुवात झालेली असते.

लेखनाचेही तसेच आहे. लहान मुलाच्या मनगटातील हाडे पूर्ण तयार झालेली नसतात. बोटांच्या स्नायूंत जोर आलेला नसतो. अशा वेळी हाती पेन्सिल देऊन ओळीत अक्षरे काढावयास लावली, तर मूल पेन्सिल मुठीत आवळते, लवकर थकते आणि लिहिण्याचाच कंटाळा करू लागते. पीठ मळणे, शेंगा सोलणे, दोरा ओवणे, सदऱ्याची बटणे लावणे ही कामे बोटांना जी शक्ती आणि जो नेमकेपणा देतात, त्यातूनच पुढे अक्षराला वळण येते. वाचनापूर्वी कान तयार व्हावा लागतो. ‘कैरी’, ‘कावळा’ आणि ‘कुरडई’ या शब्दांची सुरुवात एकाच ध्वनीने होते, हे ज्या मुलाच्या कानाला कळले, त्याला ‘क’ हे अक्षर दाखविल्यावर ते कशासाठी आहे हे सांगावे लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय वर्षे ३ ते ८ हा शिक्षणाचा एकसंध पायाभूत टप्पा मानला असून मेंदूच्या एकूण विकासापैकी ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो, असे नमूद केले आहे. या टक्केवारीने धास्तावून तीन वर्षांच्या मुलामागे गृहपाठाचा ससेमिरा लावणारे पालकही आढळतात. धोरणाचा रोख मात्र नेमका उलट दिशेला, म्हणजे खेळाकडे, गप्पागोष्टींकडे आणि हाताळण्याकडे आहे.

कोसबाडचा वारसा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम करून, १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या कार्यात अग्रभागी राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळेपासून अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि मातीची भांडी आली. साधन स्वस्त झाले, तरी त्यामागील शास्त्र तसूभरही कमी झाले नाही.

पुढे १९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील, कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्यावर, घराच्या अंगणात नेली. आज राज्यातील एक लाखाहून अधिक केंद्रांच्या पाटीवर दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या प्रयोगातून रूढ झाला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती याच न्यायाने. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांबरोबर शाळापूर्व शिक्षण हेही तिचे एक अंग ठरले. आहाराची नोंद वजनकाट्यावर दिसते. शिक्षणाची तशी दिसत नाही. त्यामुळे अनेक वर्षे हे अंग काहीसे दुबळे राहिले, हे मान्य केले पाहिजे.

मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हे कोसबाडचे सूत्र ऊसतोड कामगारांच्या गावांना आजही तंतोतंत लागू पडते. फरक इतकाच, की येथे मूल वर्षाचे काही महिने एका जिल्ह्यात आणि काही महिने दुसऱ्या जिल्ह्यात असते.

दोन मेळाव्यांमधले दिवस

२०२२ च्या उन्हाळ्यात राज्यात शाळापूर्व तयारीचे ‘पहिले पाऊल’ हे अभियान हाती घेण्यात आले. त्याची रचना साधी आहे. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांचा एक मेळावा उन्हाळ्याच्या आरंभी शाळेत भरतो आणि दुसरा जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या सुमारास. मेळाव्यात सात ठिकाणी टेबले मांडलेली असतात. नोंदणीपासून सुरुवात करून मूल आईचा हात धरून एकेका टेबलाकडे जाते. कोठे उडी मारावयाची, कोठे चित्र पाहून बोलावयाचे, कोठे लहानमोठ्या वस्तू वेगळ्या करावयाच्या, तर कोठे स्वतःविषयी चार शब्द सांगावयाचे. मुलाला काय जमते, काय मदतीने जमते, याची नोंद विकासपत्रावर होते. ही परीक्षा नाही. येथे कोणी नापास होत नाही आणि कोणाचा प्रवेशही नाकारला जात नाही. शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणे होते.

अभियानाचा खरा गाभा मात्र या दोन मेळाव्यांमधील आठवड्यांत आहे. वस्तीतील चार-सहा माता मिळून एक गट करतात. त्यांपैकी एक पुढाकार घेते. तिला ‘लीडर माता’ असे नाव पडले आहे. घरच्या घरी करावयाच्या कृती सांगणारी आयडिया कार्डे गटाला मिळतात. ज्यांच्याकडे मोबाईल आहे त्यांना संदेशांद्वारेही सूचना पोहोचतात. गटाने आठवड्यातून एकदा जमावे, कृती एकमेकींना करून दाखवाव्यात आणि मग प्रत्येकीने आपापल्या घरी मुलाकडून त्या करवून घ्याव्यात, अशी अपेक्षा असते.

अडचण येते ती एका ठिकाणी. ‘आम्हाला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही काय शिकविणार?’ असे म्हणून माता मागे सरतात. ऊसतोडीच्या पट्ट्यात हा संकोच विशेष दिसतो, कारण ज्यांचे स्वतःचे बालपण फडावर गेले अशा अनेक जणी तेथे आहेत. त्यांचा संकोच खोटा नाही, पण त्यामागची समजूत मात्र चुकीची आहे. शाळापूर्व तयारीतील बहुतेक गोष्टींना अक्षरओळख लागतच नाही. लागतो तो वेळ, बोलणे आणि मुलाला कामात हात घालू देण्याचा धीर.

वाळवणाची शाळा

उन्हाळ्यातील मराठी घर हे खरे पाहता साधनांनी भरलेले बालमंदिर असते. चैत्रात चिंचा फोडावयास घेतल्या, की चिंचोक्यांचा ढीग पडतो. मुलाला दहा-बारा चिंचोके देऊन त्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावावयास सांगाव्यात. उरला तर एकी, न उरला तर बेकी. मुठीत किती आहेत ते ओळखावे, उघडून मोजावे, एक काढून पुन्हा मोजावे. दगडावर घासून अर्धे केलेले चिंचोके फासे म्हणून टाकले, तर किती पांढरे पडले आणि किती काळे, हे पाहता पाहता बेरीज येऊन जाते. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. घरात दोन-तीन वर्षांचे भावंड असेल, तर चिंचोके, मणी, हरभरे त्याच्या हाती लागू देऊ नयेत. अशा वस्तू नाकात, कानात किंवा घशात अडकण्याचा धोका असतो. खेळ संपला, की त्या मोजूनच डब्यात भराव्यात. मोजणीचा सरावही होतो.

पापडाच्या दिवशी लहान मुलांना ‘पलीकडे जा’ असे सांगण्याची पद्धत आहे. त्याऐवजी पिठाचा एक गोळा त्याच्या हाती द्यावा. गोळ्याचा साप करणे, सापाचे तुकडे करणे, तुकड्यांच्या लाट्या वळणे, सर्वांत मोठीपासून सर्वांत लहानपर्यंत त्या ओळीने मांडणे, यात बोटांचा व्यायाम आहे आणि क्रम लावण्याची बुद्धीही आहे. त्याने लाटलेला पापड वाकडा झाला तर होऊ द्यावा. तो वेगळा वाळवून त्यालाच भाजून द्यावा. बाजेवर पापड घालताना एका रांगेत किती मावले, दुसऱ्या रांगेत कमी का पडले, हे मुलालाच विचारावे. दुपारी वाळवणावर लक्ष ठेवण्याचे काम सावलीत बसून त्याला देता येते आणि कावळा कोणत्या बाजूने आला, किती कावळे आले, याचे वर्तमान ते मोठ्या उत्साहाने देते.

कुरडयांचे काम तर क्रमाचा उत्तम पाठ आहे. गहू भिजविले, रोज पाणी बदलले, वाटून चीक काढला, शिजविला, सोऱ्यात भरला, पाडल्या, वाळल्या. शिजता चीक चटका देणारा असल्याने त्या वेळी मुलाला चुलीपासून दूर ठेवणे भाग आहे. परंतु संध्याकाळी आजीला किंवा वडिलांना ‘आज काय काय झाले’ ते पहिल्यापासून सांगण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. ‘आधी’, ‘मग’, ‘त्यानंतर’ हे शब्द वापरून घडलेली हकीकत सांगता येणे हा पुढील वाचनाचा आणि लेखनाचा मजबूत पाया होय. मूल मध्येच चुकले, तर लगेच दुरुस्त न करता ‘मग गहू कोठे गेले?’ एवढेच विचारावे.

या भागातील उन्हाळा पाणीटंचाईचाही असतो. पाण्याचे खेळ खेळवा, असा सल्ला टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला देणे हा क्रूर विनोद ठरेल. पण रांजण भरावयाचा असतोच. कळशीत किती तांबे बसतात, उंच आणि अरुंद भांड्यात पाणी जास्त की पसरट भांड्यात, याचा अंदाज मुलाने आधी सांगावा आणि मग भरताना पडताळून पाहावा. पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही.

चित्रासाठी कागद नसेल, तर धूळ आहे, कोळसा आहे, गेरू आहे. अंगण सारवताना ओल्या पृष्ठभागावर बोटांनी रेघा, गोल, नागमोडी वळणे काढता येतात. भातुकलीबद्दल वेगळे सांगावयास नको. तीत मुले घर मांडतात, पाहुणे येतात, रुसवेफुगवे होतात, भाकरी वाटून घेतली जाते. ऊसतोड कामगारांची मुले भातुकलीत कोपी बांधतात आणि मोळ्याही बांधतात. त्यांना ‘असले खेळू नका’ असे म्हणू नये. जे पाहिले ते मांडून पाहणे ही या वयातील विचार करण्याचीच रीत आहे.

ही कामे आईचीच आहेत, असे मानण्याचेही कारण नाही. उन्हाळ्यात वडीलही गावी असतात. बैलाला चारा टाकताना, विहिरीवर जाताना, बाजारहाट करताना मुलाला बरोबर नेऊन बोलत राहिले, तर तेही शिक्षणच आहे. बाजाराच्या पिशवीतून एकेक भाजी काढून तिचा रंग, आकार, वास यांवर चार वाक्ये बोलण्यास वडिलांना कोणतेही प्रशिक्षण लागत नाही.

घरची बोली

शाळेची प्रमाण मराठी आणि घरची बोली यांतील अंतर हा लहान मुलाच्या दृष्टीने मोठा अडसर असतो. तांड्यावरील बंजारा मूल घरी गोरमाटी बोलते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, खानदेशात अहिराणी ही घरची भाषा असते. शाळेत जावयाचे म्हणून या बोली बंद करून मोडक्यातोडक्या ‘शुद्ध’ भाषेत मुलाशी बोलू लागणे हा हिताच्या बुद्धीने केलेला अपाय होय. ज्याच्याजवळ घरच्या भाषेत भरपूर शब्द आहेत, गोष्टी आहेत, कोडी आहेत, ते मूल शाळेची भाषा लवकर शिकते. कारण त्याला फक्त नवे शब्द शिकावे लागतात, कल्पना नव्हेत. रात्री अंगणात अंथरुणे पडल्यावर आजीने आपल्या बोलीतच गोष्ट सांगावी. मध्येच थांबून ‘आता काय होईल?’ असे विचारावे. तीच गोष्ट मुलाने दहा वेळा मागितली तर दहा वेळा सांगावी. दहाव्या वेळी बहुधा तेच सांगू लागते.

उन्हाची काळजी

मराठवाडा व विदर्भात एप्रिल-मेमधील तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यामुळे धावपळीचे खेळ सकाळी उन्हे चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी उन्हे कलल्यावरच खेळावेत. दुपारी १२ ते ४ या वेळेत मुलांनी घरात किंवा दाट सावलीत बसून करावयाच्या कृती घ्याव्यात. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी, ताक, पन्हे देत राहावे. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर छापलेल्या प्रमाणानुसार स्वच्छ पाण्यात कालवून द्यावी आणि मूल मलूल दिसू लागल्यास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.

परतलेल्या मुलांसाठी

हंगाम लांबला, तर काही कुटुंबे पहिला मेळावा होऊन गेल्यावर गावी पोहोचतात. अशा मुलांची नावे मेळाव्याच्या यादीत नसणे स्वाभाविक आहे, परंतु ती जूनपर्यंत तशीच राहणे स्वाभाविक नाही. अंगणवाडी सेविकेला गावातील कोणते घर केव्हा उघडले हे कोणत्याही कार्यालयापेक्षा आधी कळते. तिने त्या आठवड्यातच घरी जाऊन मुलाची नोंद करावी, शिक्षकांना कळवावे आणि आईला जवळच्या माता गटात जोडून द्यावे. एवढे केले, तरी सहा-सात आठवडे हाती लागतात. सेविकेवर आहार, वजन, लसीकरण, मोबाईलवरील नोंदी असा कामाचा मोठा भार आहे, हे खरे. म्हणूनच या एका कामात शाळेतील शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि लीडर माता यांनी तिच्याबरोबर वाटा उचलणे आवश्यक आहे.

दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पुन्हा निघतील. पाच वर्षांखालील भावंडे आईबरोबर जातील. त्यांच्यासाठी पोषण ट्रॅकर या प्रणालीत नोंद दुसऱ्या ठिकाणच्या अंगणवाडीकडे वळविण्याची सोय आहे. निघण्यापूर्वी ती करून घेतल्यास कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीत मुलाला आहार आणि शिक्षण मिळू शकते. पहिलीत गेलेल्या मुलाला गावी आजी-आजोबांजवळ ठेवावयाचे, की बरोबर न्यावयाचे, हा निर्णय मात्र दर वर्षी प्रत्येक घरात नव्याने होतो. उचलीचा हिशेब, धाकट्याला कोणी सांभाळावयाचे, आजीची प्रकृती अशा अनेक गोष्टींवर तो अवलंबून असतो. जून ते दिवाळी या चार-पाच महिन्यांत मूल शाळेत रमले आहे की नाही, ही त्यांतलीच एक गोष्ट आहे. शाळेत रमलेले मूल स्वतःच मागे राहण्याचा हट्ट धरते. न रमलेले मूल ट्रॉलीत सर्वांच्या आधी चढून बसते.

राज्याच्या बहुतेक भागांत जूनच्या मध्यास आणि विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस शाळा उघडतात. त्या सुमारास भरणाऱ्या दुसऱ्या मेळाव्यात मुले पुन्हा त्याच सात टेबलांपुढून जातील. एप्रिलमध्ये आईच्या पदराआड लपलेले मूल या वेळी आपले नाव सांगते काय, मांडलेल्या बियांतून चिंचोके वेगळे काढून मोजते काय, हे विकासपत्राच्या दुसऱ्या रकान्यात नोंदविले जाईल. त्या वेळी पहिला रकाना कोरा असलेली पत्रे शिक्षकांनी बाजूला काढून ठेवावीत. ती उन्हाळ्यात उशिरा परतलेल्या मुलांची असतील आणि पहिलीच्या वर्गातील सुरुवातीचे आठवडे सर्वाधिक लक्ष त्यांच्याकडेच द्यावे लागेल.